घरच्या लेथवर करवतीची पितळी पाठ, भोकं आणि नट: नवं मशीन घेण्याआधी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. घरी छोटा लेथ आणि ड्रिलिंग मशीन आहे. २५० मिमी लांबीची, पितळी पाठीची डव्हटेल करवत (लाकडाचे बारीक सांधे कापायची) स्वतः बनवायची आहे. पाठीसाठी ६ × १९ मिमीच्या पितळी पट्टीत ०.५ मिमीच्या स्लिटिंग सॉने, म्हणजे पातळ गोल करवतीने, तुम्ही लेथवर पातं बसवायची खाच पाडली, पण ती दोन ठिकाणी पायरीसारखी सरकली, वर पट्टीलाही बाक आला. पातं बसवल्यावर दात्यांची ओळ लहरली. पात्याला भोकं पाडताना एचएसएसची (हाय-स्पीड स्टीलची) ड्रिल जळाली. स्प्लिट नट, म्हणजे मुठीत पातं आवळून धरणारे चिरेचे पितळी नट, अजून करायचे आहेत. आणि हे सगळं सुरळीत व्हायला मिलिंग मशीन घ्यावं का, असं विचारलं आहे.

मिलिंग मशीनचं आधी बोलू, कारण त्यात पैसा आणि जागा दोन्ही अडकतात. एक-दोन करवतींसाठी घेऊ नका. साधं गणित करून पाहा. ६३ मिमी व्यासाचा स्लिटिंग सॉ पट्टीत १० मिमी खोल उतरला की पट्टीच्या वरच्या कडेवर त्याचा सुमारे ४६ मिमी भाग खाचेत असतो. म्हणजे २५० मिमीची पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत पूर्ण खोलीने कापून सॉ बाहेर काढायचा, तर टेबल जवळजवळ ३०० मिमी सरकायला हवं. बऱ्याच लहान बेंच मिलिंग मशीनचं टेबल २०० ते २२० मिमीच सरकतं. म्हणजे तिथेही पट्टी मध्येच सोडून पुन्हा धरावी लागणार, आणि तुमची खाच बिघडली आहे ती नेमकी अशा सोडून धरण्याच्याच जागी. पुढे बऱ्याच करवती करायच्या असतील तर गोष्ट वेगळी. मग लांब टेबलाचं मशीन बघा.

तर अडचण पकडीची आहे, मशीनची नाही. करवतीत अचूकपणा फार थोड्या जागी लागतो, पण तिथे तो लागतोच. खाच सरळ हवी, ती ०.५२ आहे की ०.५५, याने फारसं बिघडत नाही. मुठीतली भोकं आणि पात्यातली भोकं एकमेकांवर यायला हवीत. नटाचे आटे त्याच्या डोक्याशी काटकोनात हवेत. बाकी सगळं, म्हणजे पाठीची उंची, टोकांचा उतार, डोक्यांची जाडी, शेवटी कानशीनेच ठरतं आणि डोळ्याला बरं दिसलं की झालं. घरच्या वर्कशॉपमध्ये वेळ कमी असतो, तो या तीन जागी खर्च करावा.

आता पट्टीचा बाक. तुमची पट्टी बहुधा लेथकामाच्या, शिसं मिसळलेल्या पितळेची असणार, म्हणजे सी-३६० किंवा त्याच्या जवळची. ती थंड ओढून बनवलेली असते, आणि त्या ओढण्याचा ताण धातूत कोंडलेला राहतो. पट्टी अखंड असताना दोन्ही कडांचे ताण एकमेकांना तोलून धरतात. तुम्ही एका कडेतून १० मिमी खोल खाच काढलीत की तो तोल जातो आणि पट्टी आपली नवी जागा शोधते. यात कापण्याचा दोष नाही, त्यामुळे कितीही हळू कापलंत तरी हा बाक येऊ शकतो. उपाय खाच पाडण्याआधी करायचा: पट्टी २५० ते ३०० अंश सेल्सिअसला तासभर ठेवायची आणि भट्टीतच हळू थंड होऊ द्यायची. एवढ्या तापमानाला पितळ मऊ पडत नाही, फक्त ताण बराचसा उतरतो. पट्टी दोन्ही टोकांना १० मिमी जास्तच घ्या, कारण सॉ आत शिरतो आणि बाहेर पडतो तिथे खाच थोडी रुंदावते. ती टोकं नंतर कापून टाकायची. या पितळेत सुमारे ३ टक्के शिसं असतं, त्यामुळे काम झालं की हात धुवा आणि कीस झाडून एका डब्यात ठेवा. तिचा कीस सुईसारखा बारीक उडतो. चष्म्याशिवाय लेथ सुरू करू नका.

लेथवर मी खाच पाडतो ती पद्धत सांगतो. सॉचा आर्बर (सॉ बसवायचा दांडा) एका बाजूला चकमध्ये आणि दुसऱ्या बाजूला टेलस्टॉकच्या सेंटरवर धरायचा. नुसत्या चकमध्ये लटकता ठेवायचा नाही. टूल पोस्ट काढून क्रॉस स्लाइडवर (लेथच्या अक्षाला आडव्या सरकणाऱ्या भागावर) एक सपाट ठोकळा बसवायचा आणि त्यावर सरळ आधारपट्टी बोल्टने घट्ट करायची. ही आधारपट्टी क्रॉस स्लाइडच्या सरकण्याला समांतर असली पाहिजे, सगळी सरळ खाच इथे ठरते. डायल गेजचा पाया बेडवर ठेवा, टोक आधारपट्टीच्या बाजूवर टेकवा आणि क्रॉस स्लाइड पूर्ण सरकवून बघा. काटा ०.०२ मिमीपेक्षा जास्त हलला तर बोल्ट सैल करून पुन्हा लावा. जमलं की कॅरेज (क्रॉस स्लाइड ज्यावर बसते तो भाग) बेडला लॉक करा, आणि खाचेचा मध्य जुळला की काम संपेपर्यंत त्याला हात लावू नका.

खाच पट्टीच्या जाडीत बरोबर मध्ये येते का, हे तुकड्यावर पाहायचं. त्याच पट्टीच्या उरलेल्या तुकड्यात थोडी खाच पाडा, तुकडा उलटा करून दुसरी बाजू आधारपट्टीला टेकवा आणि पुन्हा तिथेच कापा. सॉ खाचेतून काही न कापता गेला तर तुम्ही मध्यावर आहात. खाच रुंद झाली तर जितकी रुंदावली त्याच्या निम्म्याने कॅरेज सरकवा. मोजमापाच्या साधनांपेक्षा हा तुकडा खरं बोलतो. खऱ्या पट्टीला मात्र एकच बाजू आधाराला द्यायची आणि तीच शेवटपर्यंत ठेवायची.

लेथच्या क्रॉस स्लाइडवर उंची कमी-जास्त करता येत नाही, त्यामुळे पट्टीखाली शिम, म्हणजे पत्र्याचे पातळ तुकडे, घालून खोली आधीच ठरवावी लागते आणि पूर्ण १० मिमी एकाच फेरीत घ्यावी लागते. पितळेत ते जमतं, फक्त सॉ योग्य हवा. स्क्रूच्या डोक्यात चीर पाडायचे बारीक दात्यांचे सॉ इथे चालत नाहीत. त्यांच्या बाजूंना आतल्या दिशेने उतार नसतो, त्यामुळे खोल खाचेत ते घासतात, तापतात आणि वाट सोडतात. बाजूंना उतार दिलेला, मोठ्या दात्यांचा सॉ घ्या, म्हणजे किसाला दात्यांमध्ये जागा मिळते. ६३ मिमीच्या सॉला मिनिटाला १५० ते २०० फेरे पुरे. फीड नेहमी दात्यांच्या फिरण्याच्या विरुद्ध. लेथ सरळ दिशेने फिरत असेल तर सॉचे खालचे दाते तुमच्यापासून लांब जात असतात, म्हणून क्रॉस स्लाइड मागून सुरू करून स्वतःकडे ओढायची. उलट दिलंत तर स्क्रूमधल्या ढिलाईमुळे सॉ पट्टी ओढून घेतो, आणि ०.५ मिमीचा सॉ तिथेच तुटतो.

सॉ फिरताना प्रत्येक फेरीला एकदा 'खर्र' असा आवाज येईल. थोडा येतोच, व्यास किंचित बाहेर फिरतोय एवढाच त्याचा अर्थ. त्याने घाबरू नका. बाजूला डुलणारा सॉ मात्र चालवून घेऊ नका, कारण जितकं तो डुलतो तितकी खाच रुंद होते. सॉ हाताने फिरवत डायल गेजने बाजू तपासा. डुलत असेल तर बहुतेक वेळा आर्बरच्या वॉशरखाली किसाचा एखादा कण किंवा बर सापडते.

आता सोडून धरण्याची जागा. क्रॉस स्लाइडची धाव संपली की मशीन बंद करा. पट्टी आणि आधारपट्टी दोन्ही ब्रशने झाडा, मग बोटाने पुसून बघा, कारण एक कीस अडकला तरी ती पायरी होते. पट्टी आधारपट्टीला घासतच पुढे सरकवा आणि बंद असलेला सॉ आधीच्या खाचेत पूर्ण आत येईल असं ठेवा. क्लॅम्प हलके आवळा आणि चक हाताने एक फेरी फिरवा. सॉ दोन्ही भिंतींना सारखाच मोकळा वाटला पाहिजे. एका भिंतीला घासत असेल तर क्लॅम्पने पट्टी ओढली आहे. सैल करा, पुन्हा धरा. मगच क्लॅम्प पूर्ण घट्ट करून मशीन सुरू करा. एवढं केलंत तर तुमच्या पट्टीवर दिसणाऱ्या पायऱ्या येणार नाहीत.

लहरीबद्दल. तुम्ही लिहिलंय की पातं खाचेच्या तळापर्यंत ठोकून बसवलं. लहर तिथूनच आली असणार. पट्टीला थोडा जरी बाक असेल तरी खाचेचा तळही बाकदार असतो, आणि पात्याची वरची कड त्या तळावर दाबली की ती त्याच आकारात जायला बघते. पातं ०.५ मिमी जाड, त्याला उभ्या दिशेने वाकता येत नाही, मग ते बाजूला फुगतं. म्हणून पातं तळाला टेकवायचंच नाही. खाली १ ते २ मिमी जागा मोकळी ठेवायची. पातं सपाट फळीवर ठेवून, दात्यांची कड एका सरळ पट्टीला लावून, पाठ वरून चढवायची आणि रिटेनिंग कंपाउंडने चिकटवायची. हवाबंद जागेत घट्ट होणारी ही रसायनं पितळेवर चांगली धरतात, आणि खाचेत राहिलेली थोडी ढिलाई भरूनही काढतात. घट्ट होण्याआधी पातं डोळ्यासमोर धरून दात्यांच्या ओळीकडे टोकाकडून बघा. ओळ वाकडी दिसली तर लगेच सरळ करा.

आत्ताची करवत तुम्ही रसायनाने चिकटवली असेल तर ती फेकू नका. पाठ २५० अंशांच्या आसपास तापवली की बरीचशी रिटेनिंग कंपाउंड सोडतात. करवतीचं पोलाद कडक केल्यावर त्याहून बऱ्याच जास्त तापमानाला टेम्पर केलेलं (ठिसूळपणा घालवायला पुन्हा तापवलेलं) असतं, त्यामुळे त्याच्या कडकपणाला धक्का लागत नाही. पात्यावर पिवळसर-तपकिरी छटा येईल, ती घासून जाते. ज्योत पाठीवर धरा, दात्यांवर नाही, आणि दाराखिडक्या उघड्या ठेवा.

पण तुम्ही माझ्यासमोर बसून विचारलं असतं, तर पहिल्या करवतीसाठी खाचेची पाठच करू नका, घडीची करा, असं मी सांगितलं असतं. जुन्या शेफील्डच्या करवतींची पाठ अशीच असायची: पितळेचा पत्रा मधून दुमडलेला, आणि त्या घडीच्या चिमट्यात पातं. याला ना स्लिटिंग सॉ लागतो, ना रसायन. दीड ते दोन मिमी जाडीचा पत्रा घ्यायचा, पण तो ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असलेला, म्हणजे सी-२६०. शिशाचं पितळ घडीवर तडकतं. मंद उजेडात तो जेमतेम लाल दिसेपर्यंत तापवा आणि पाण्यात टाका. पितळ पोलादासारखं पाण्याने कडक होत नाही. व्हाइसमध्ये दोन जाड लोखंडी पट्ट्यांमध्ये धरून लाकडी हातोड्याने काटकोनापर्यंत वाकवा, मग आत एक पत्र्याची पट्टी घालून बंद करत आणा. दुमडताना पितळ पुन्हा कडक होतं आणि त्यामुळेच घडीला चिमटा येतो. बंद केल्यावर कडा पात्याच्या जाडीपेक्षा किंचित जवळ आलेल्या असाव्यात, म्हणजे पातं आत ठोकताना त्या उघडतात आणि धरून ठेवतात. पाते पुढे कधी लहरलं तर पाठीच्या टोकावर हलके ठोके देऊन पुन्हा ताणता येतं. चिकटवलेल्या पाठीत ही सोय नाही. वजनही बघा: ६ × १९ × २५० मिमीची भरीव पाठ साधारण २४० ग्रॅम भरते. डव्हटेलच्या बारीक कामाला ती हाताला जड वाटते. खाचेचीच करायची असेल तर १६ मिमी उंचीची घ्या.

पात्याच्या भोकांकडे येऊ. पातं १०९५ या जास्त कार्बनच्या पोलादाचं, आधीच कडक आणि टेम्पर करून आलेलं, साधारण ४८ ते ५२ रॉकवेल सी (हे कडकपणाचं माप). ते घरी कडक करायच्या भानगडीत पडू नका, एवढं पातळ आणि लांब पातं हमखास मुरडतं. एवढ्या कडकपणाला कानस जेमतेम लागते, म्हणून दाते कानशीने काढता येतात. एचएसएस ड्रिलची धार मात्र घासून तापते आणि संपते. सॉलिड कार्बाइडचं ड्रिल घ्या. ते तुटतं ते बहुतेक वेळा शेवटच्या क्षणी, पलीकडे बाहेर पडताना, कारण पातळ पत्रा तिथे वर उचलतो. म्हणून पातं दोन साध्या लोखंडी पट्ट्यांमध्ये सँडविच करून चारही बाजूंनी क्लॅम्प करा. वरच्या पट्टीत आधीच भोक पाडलेलं असावं, ते ड्रिलला वाट दाखवतं. ५.५ मिमीला ८०० ते १००० फेरे, थेंबभर कटिंग ऑइल, आणि दाब सलग. मध्ये थांबून घासत ठेवू नका. पातं हातात धरून कधीही भोक पाडू नका. ड्रिलने पकडलं तर ते हातातून सुटून फिरत्या पात्यासारखं येतं. भोकाची जागा तापवून मऊ करणारेही आहेत, मुठीखाली ते चालतंही, पण ०.५ मिमीच्या पात्यात उष्णता पसरते आणि टाच मुरडते. मी ते टाळतो.

भोकाची जागा मोजून ठरवू नका. आधी मुठीत भोकं पाडा, पात्यावर मार्करची शाई फासा, पातं मुठीच्या चिरेत बसवा आणि भोकातून सुईने गोल ओरखडा. एम-५ (५ मिमी आट्यांच्या) बोल्टसाठी पात्यातलं भोक ५.५ मिमी ठेवा, म्हणजे मूठ आणि पाठ जुळवताना थोडं इकडेतिकडे करता येईल.

स्प्लिट नटाला लेथ पुरतो. १४ मिमी गोल बार, शिसं मिसळलेल्या पितळेची. ती इथे अगदी योग्य. बोल्टचं डोकं १३ मिमी व्यासाचं, ३ मिमी जाड. त्याखाली ७ मिमी लांबीचा चौकोनी भाग, ५.५ मिमीचा, तो लाकडात रुतून बोल्ट फिरू देत नाही; मग आटे. चौकोन करायला आधी तो भाग ७.५ मिमी गोल टर्न करा. मग बार एका चौकोनी ठोकळ्याच्या मधल्या भोकात स्क्रूने पक्का करा आणि ठोकळा व्हाइसमध्ये चारही बाजूंवर फिरवत कानस मारा. ठोकळ्याच्या बाजू काटकोनात असल्या की चौकोनही काटकोनात येतो. आट्यांचा भाग ४.९ मिमी टर्न करून डाय (बाहेरून आटे पाडायचं हत्यार) टेलस्टॉकच्या आधाराने चालवा. नेहमीचा ०.८ पिच (दोन आट्यांमधलं अंतर, मिमीत) घेतलात तर ३ मिमीच्या नटात चारही आटे बसत नाहीत. एम-५ × ०.५ घेतलात तर सहा बसतात, आणि पितळ मऊ असल्याने तो फरक जाणवतो. त्यासाठी भोक ४.५ मिमी.

पितळेत भोक पाडताना ड्रिल एकदम आत खेचलं जातं. ड्रिलच्या दोन्ही धारांवर बारीक दगड सरळ उभा धरून किंचित सपाटी आणली की ते थांबतं. नटाचा बाहेरचा व्यास आटे पाडल्यावर करा: एका बारच्या टोकाला तेच आटे पाडायचे, चकमधून न काढता त्यावर नट घट्ट फिरवायचा आणि तोंड व कड एकत्र टर्न करायचे. मग डोकं आट्यांशी काटकोनात नसण्याचा प्रश्नच उरत नाही. चीर १.२ मिमी खोल, नटाच्या मध्यातून आरपार. स्प्लिट नटाचा पेचकस विकत मिळाला नाही तर जुन्या रुंद पेचकसाच्या टोकात मध्यभागी कानशीने खाच करा, म्हणजे बोल्टचं टोक त्यात मोकळं राहील.

मुठीत डोक्यांचे खड्डे मोठ्या आरपार भोकाच्या आधी पाडायचे. पहिलं २ मिमीचं भोक ड्रिलिंग मशीनवर आरपार, त्यावर दोन्ही बाजूंनी १३ मिमीचा खड्डा, आणि शेवटी मोठं भोक. उलटं केलंत तर खड्ड्याच्या ड्रिलला मध्य सापडत नाही. खड्डा डोक्याच्या जाडीपेक्षा ०.२ मिमी उथळ ठेवा. नट आवळून, लाकडावर चिकटपट्टी लावून, पितळ कानशीने लाकडाच्या पातळीला आणा. चीर पूर्ण घासून घालवू नका. लाकूड आक्रसलं की नट पाव फेरी आवळावा लागतो, आणि तेव्हा पेचकसाला धरायला निदान अर्धा मिमी चीर शिल्लक हवी.